महादूच्या राबातला मास्क

१

शुक्रवारी सकाळी समाजमंदिराचा माळा रिकामा होता. ज्या दोन गोण्यांत आमच्या संघाचा सगळा जीव भरलेला होता, त्या जागेवर नव्हत्या. कुलूप मात्र जागच्या जागी, न फोडलेलं, शहाण्यासारखं लटकत होतं. आणि रविवारी आमची मॅच होती.

मॅच बेसबॉलची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मुरबाड डेपोची एसटी चालवताना मी हे हसणं इतकं ऐकलंय की आता मला त्याचं काही वाटत नाही. मुरबाडच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या भागीरथीबाई एकदा पुण्याच्या शिबिराला गेल्या आणि येताना दोन बॅटी, एक रबरी होम प्लेट आणि डोक्यात एक खूळ घेऊन आल्या. त्या खुळातून सहा संघ उभे राहिले. शहापूर, वाशिंद, भातसानगर, किन्हवली, मुरबाड आणि आमचा धसईकडचा जय हनुमान बेसबॉल संघ. भात कापून झालं की खेळ सुरू व्हायचा आणि राब भाजायचे दिवस आले की संपायचा. आमच्या निळ्या शर्टांवर गदा शिवलेली असायची. वाशिंदच्या कारखान्याच्या संघाला आम्ही एकदा असं धुतलं होतं की त्यांचा मॅनेजर आमच्याच टेम्पोतून परत गेला.

मग पोरांनी कल्याणचे पास काढले. टेनिस बॉलच्या क्रिकेटला बक्षिसं लागायला लागली. एकेक संघ विझला, शेवटी आम्हीही विझलो. बाकीच्यांचं सामान वाळवीने खाल्लं, आमचं तेवढं राहिलं, कारण ग्लोव्हजना दर उन्हाळ्यात मोहाच्या बियांचं, मोहट्याचं तेल चोळायचं काम भिमीने कधी सोडलं नाही. भिमी म्हणजे महादूची बायको, आणि महादू म्हणजे आमचा पिचर. या मुलखातला सगळ्यात चांगला बेसबॉल त्याच्या उजव्या हातातून निघायचा, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

आम्ही खेळायचो ते मैदान म्हणजे बोरमाळ. गावाचं गायरान. त्यावर आता गोदामं उठवायची म्हणून सरपंचाच्या भाच्याने, प्रणितने, घाट घातला होता. रविवारी दुपारी बोरमाळावरच मांडव टाकून ग्रामसभा होणार होती. ठराव असा की मैदान वीस वर्षं विनावापर पडून आहे, तरी ते भाड्याने द्यावं. विनावापर! हा शब्द ऐकून भागीरथीबाईंनी मुरबाडहून फोन केला होता. "रविवारी सकाळी तिथे मॅच खेळा. शहापूरच्या नथूला मी सांगितलंय, तो त्याची जुनी माणसं आणतोय. सामान तुमचं."

आणि आता सामानच नव्हतं.

"चावी कोणाकडे?" मी विचारलं.

"माज्याकडंच," अनंता म्हणाला. अनंता आमचा कप्तान आणि कॅचर, म्हणजे मास्क लावून महादूचे बॉल धरणारा. "पन ती ओटीवर खुंटीला असते. कोनीबी नेईल." तो पायरीवर बसून राहिला. बाकी आम्ही माळ्यावर, ओट्याखाली, विहिरीत डोकावून आलो. तो उठला नाही. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

मला स्वतःला राग आला होता तो प्रणितचा. थोड्या वेळापूर्वी नाक्यावर चहा पिताना तो मला म्हणाला होता, "काय ड्रायव्हरसाहेब, रविवारी काय पळसाच्या काठ्यांनी खेळनार? तुमचं सगळं तर राबात गेलं." त्याचं तोंडच तसं, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

तेवढ्यात मोहाची फुलं वेचायला गेलेली गावातली जिवली धावत आली. तिच्या हातात फुलांची टोपली नव्हती, कॅचरच्या मास्कची लोखंडी जाळी होती, राखेने माखलेली.

"महादूच्या राबात सापडली," ती म्हणाली. "भाजलेल्या राबात."

सगळ्यांनी महादूकडे पाहिलं. तो कोपऱ्यात उभा राहून तंबाखू मळत होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"माज्या राबात हाय ना? मंग मीच जाळलं असंल," तो म्हणाला आणि घरी निघून गेला.

२

भागीरथीबाई दुपारच्या गाडीने आल्या. सदुसष्ट वय, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. सहा संघांतल्या कुठल्याच पुरुषाचा दुसऱ्या गावच्या पुरुषावर विश्वास नव्हता, म्हणून सगळ्या मॅचना अंपायर त्याच. त्यांनी आउट दिलं की माणूस मुकाट निघायचा. आमदाराच्या भावालाही त्यांनी एकदा मैदानाबाहेर काढलं होतं.

"महादूला कोणी शिव्या दिल्या?" त्यांनी उतरल्या उतरल्या विचारलं.

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

"तू?"

"मी पन."

"छान. आता चल, राब दाखव."

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. तिच्यावर शेण, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. राब धुमसतो. त्यात होळीसारखा जाळ होत नाही, दिवसभर हळूहळू जमीन भाजत राहते. हे आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही ठाण्यात वाढला असाल तर सांगायला हवं.

महादूचा राब भाजून थंड झाला होता. वरची माती तडकून तिची सलग खपली धरली होती. जिथे जाळी सापडली तिथे जिवलीने पळसाची फांदी खोचून ठेवली होती. बाई खाली बसल्या. छत्रीच्या टोकाने त्यांनी खपली उचकटली, खालची राख उकरली, पुन्हा दुसरीकडे उकरली. अख्खा राब त्यांनी कोंबडीसारखा उकरून काढला. मग जाळी हातात घेऊन पदराने पुसली. निळा रंग अजून तसाच होता. मास्कच्या पट्ट्याचं एक टोक जाळीला चिकटून राहिलं होतं.

"बघ हे टोक," बाई म्हणाल्या.

"जळलंय."

"नीट बघ रे. बस चालवताना असाच बघतोस का?"

टोक कोयत्याने कापल्यासारखं सरळ होतं.

"छातीच्या गार्डला बकला किती? ग्लोव्हजच्या मनगटाला बकला किती? एक तरी राखेत दिसली का? आणि खपली बघितलीस ना, कुठेच फुटलेली नव्हती."

"म्हंजे सामान इथं जाळलंच नाय?"

"आणखी एक. महादू या जागेत रोप टाकणार, त्याचाच भात पोरांना खाऊ घालणार. तो त्यात रबर आणि कातडं जाळेल का? दारूच्या नशेतही नाही जाळणार."

"मंग तो कबूल का झाला?"

बाईंनी छत्री उघडली आणि महादूच्या घराकडे चालायला लागल्या.

३

महादू ओटीवर नव्हता. भिमी शेजारून येत होती. हातातल्या सुपात तांदूळ होते.

"या बाई, बसा. चा ठेवते."

"तांदूळ कुठून आणलास गो?"

"धोंडूबाईकडनं. उसने. उद्या देईन परत," भिमी म्हणाली आणि घाईने आत गेली.

बाई तिच्यामागे आत गेल्या, मी दारात उभा राहिलो. घर लहान, सारवलेलं, गार. कोपऱ्यात भात साठवायची बांबूची कणगी होती, माणसाच्या छातीएवढी. तिचं तोंड पेंढा आणि शेणाने लिंपून बंद केलं होतं, आणि लिंपण अजून ओलसर हिरवं होतं. बाई कणगीला पाठ टेकून बसल्या आणि चहा निवांतपणे प्यायल्या.

"महादू कुठे गेलाय?"

"बोरमाळाव. दगड वेचायला."

"ज्याने सामान जाळलं तो माणूस मैदानातले दगड वेचतोय?"

भिमीने डोळे खाली घातले. तिच्या बोटांना एक कडवट, जुना वास येत होता. मला तो ओळखीचा वाटला, पण कशाचा ते लगेच आठवेना.

"बाई, लोक आमच्या दारात थुकले आज," ती एकदम म्हणाली. "माज्या पोरीला नळाव पानी भरू दिलं नाय. पन ह्यांनी मला बोलू नको म्हनून सांगलंय. मी नाय बोलनार."

"नकोच बोलूस," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ज्ञानेश्वर, प्रणित तुला नाक्यावर काय म्हणाला ते पुन्हा सांग. शब्द न शब्द."

मी सांगितलं.

"तेव्हा जिवलीला जाळी सापडली होती?"

"नाय. ती मागनं आली, आमच्या समोरच..."

"मग प्रणितला राबाचं कोणी सांगितलं?"

४

अनंताचं घर रस्त्याला लागून. दारात पोराची मोटारसायकल, भिंतीवर जुन्या संघाचा फोटो. बाईंना बघून तो उभा राहिला, खुर्ची पुसून दिली.

"मुलगा काय करतो आता?"

"वाशिंदला जातो, कंत्राटी. आता परमनंट व्हनार हाय. प्रणितचे मामा बोललेत."

"सरपंच?"

"व्हय."

"गोण्या कधी पाहिल्यास शेवटच्या?"

"बुधवारी. मी महादूला बोललो व्हतो, गोण्या माज्या घरात आनून ठेवतो म्हनून. मॅचच्या आधी जरा साफसूफ." त्याने घाम पुसला. "तो काय बोलला नाय."

"इतक्या वर्षांत कधी सामान तुझ्या घरी ठेवलं होतंस?"

अनंताने फोटोकडे पाहिलं. फोटोत तो आणि महादू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते.

"नाय," तो म्हणाला.

"काल संध्याकाळी महादू तुला भेटला होता?"

अनंता रस्त्यावरून जाणाऱ्या मुरबाडच्या गाडीकडे बघत राहिला.

"संध्याकाळी चल महादूकडे," बाई म्हणाल्या. "आलास तर बरं. नाही आलास तर मला तेही कळेल."

५

दिवेलागणीला महादूच्या ओटीवर आम्ही पाचजण होतो. महादू, भिमी, बाई, मी आणि अनंता. अनंता आला, पण खांबाला धरून उभाच राहिला.

"मी अंपायर आहे," बाईंनी सुरुवात केली. "मला दिसलं ते सांगते. चूक असेल तर बोला.

"सामान जळलेलं नाही. राबाची खपली सलग होती, राखेत एकही बक्कल नव्हती, जाळीचा रंग शाबूत होता. राब थंड झाल्यावर कोणीतरी पट्टा कापून जाळी वर ठेवली आणि मूठभर राख फासली. सगळ्यांना दिसावी म्हणूनच ठेवली. दुसऱ्याने महादूला अडकवायला ठेवली असती, तर महादू बोंबलला असता. तो कबूल झाला. म्हणजे खुंटीवरची चावी नेऊन गोण्या त्यानेच काढल्या आणि जाळीही त्यानेच ठेवली. सामान जळालं असं लोकांनी मानावं, हे त्यालाच हवं होतं."

"कशाला?" मी विचारलं.

"तू पहिल्या बेसवर किती वर्षं खेळलास? तुला अजून कळलं नाही?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. महादूचा चकवा! समोरच्या संघाचा गडी पहिल्या बेसवरून जरा पुढे सरकला की महादू त्याच्याकडे बघायचाही नाही. बॅटरकडे बघत, तंबाखू चघळत, आता बॉल टाकतोय असं भासवायचा. गडी आणखी सरकायचा. आणि एकदम बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये यायचा, बेस सोडलेला गडी आउट. त्या चकव्यावर आम्ही अर्ध्या मॅचा जिंकल्या होत्या, आणि तोच चकवा झेलणाऱ्या माझ्या मात्र लक्षात आला नव्हता.

"महादूला वाटत होतं की आपल्यातलाच एकजण बेस सोडून पुढे गेलाय," बाई म्हणाल्या. "तसं उघड बोलावं तर अर्धा संघ त्या माणसाच्या भावकीतला. मॅचच्या तोंडावर संघ फुटला असता आणि प्रणितला तेच हवं होतं. मग त्याने काल संध्याकाळी एकाच माणसाला सांगितलं की मला नाही खेळायचं, मी सगळं राबात टाकणार. एकालाच. आणि आज सकाळी, जाळी कोणाला सापडण्याआधी, प्रणितला ते माहीत होतं."

अनंता खांबाला धरून खाली बसला.

"मी गोण्या त्याला देनार व्हतो," तो म्हणाला. "शनवारी. पोराच्या नोकरीपायी. तीन रात्री झोप नाय मला. महादू बोलला की जाळून टाकतो, तर मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. माज्या हातनं व्हायला नको. म्हनून लगेच फोन करून प्रणितला सांगून टाकलं." तो रडायला लागला, मोठ्या माणसाने रडावं तसं, आवाज न करता.

"लोक थुकले माज्या बायकोच्या दारात," महादू पहिल्यांदाच बोलला. "तू पायरीव बसून बघत व्हतास. कॅचर हायेस ना रे तू? बारा वरसं माजा बॉल धरलास. तुला येवडं कळलं नाय की मी जाळनार नाय?"

मला अनंताला मारावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. मी दोन्ही केलं नाही.

"पन सामान हाय कुठं?" मी विचारलं.

बाईंनी भिमीकडे पाहिलं. "भरलेली कणगी घरात असताना बाई शेजारी तांदूळ उसने का मागते? आणि कणगी लिंपतात कधी? भात झोडून झाल्यावर, थंडीत. या दिवसांत कणगी अर्धी खाऊन झालेली असते, तोंड उघडं असतं. हिचं लिंपण ओलं आहे. हिच्या बोटांना मोहट्याच्या तेलाचा वास आहे. म्हणजे भरण्याआधी तिने ग्लोव्हजना तेलही लावलं."

भिमी हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"फोडू का?" मी उठलोच.

"नाय!" ती म्हणाली. "ऐतवारी फोडू. तवर गावानं म्हनू दे काय म्हनायचं ते."

"आन् हा?" महादूने अनंताकडे बोट केलं. "हा आता जाऊन सांगल त्याला. उद्याचा अख्खा दिस हाय."

बाई उठल्या, छत्री काखेत मारली. "अनंता, तुला मी आउट दिलेलं नाही. दोन बेसच्या मधे उभा आहेस. कुठे पळायचं ते तुझं तू ठरव."

६

शनिवारी प्रणित गावभर पेढे वाटल्यासारखा फिरला. अनंता दिवसभर दिसला नाही. मी दोनदा त्याच्या घरावरून गेलो, दार बंद होतं. रविवारी उजाडताच मी धावतच महादूकडे गेलो, आणि ओटीवर एक माणूस आडवा दिसला. अनंता होता. दाराच्या उंबऱ्याला पाठ लावून झोपलेला, उशाशी काठी.

"काल रातपासनं हितंच हाय," भिमी म्हणाली. "भाकर दिली तर खाल्ली नाय. चा घेतला."

कणगी फुटली. बॅटी निघाल्या, ग्लोव्हज निघाले, होम प्लेट निघाली, सगळ्याला भाताचं तूस चिकटलेलं. भिमीने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मास्कच्या जाळीला बांधली आणि तो मास्क महादूकडे दिला. महादूने तो अनंताच्या मांडीवर टाकला.

"घाल. तुज्याबिगर माजा बॉल कोन धरनार? पन माफ केलं म्हनून समजू नको."

नथूची माणसं शहापूरहून टेम्पोने आली. पोटं सुटलेली, गुडघे गेलेले, एकाला तर चष्मा सुतळीने बांधावा लागला. आणि तरी, महादूचा पहिला बॉल अनंताच्या ग्लोव्हमध्ये जो आवाज करून बसला, तो ऐकून धसईच्या बाजाराला निघालेली माणसं बोरमाळावर थांबली. मग आणखी थांबली. ज्या बायकांनी भिमीच्या पोरीला नळावर अडवलं होतं त्याही आल्या, आणि भिमीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला ते फार आवडलं.

दुपारी सरपंच, ग्रामसेवक आणि प्रणित मांडवात येऊन बसले. मांडव डाव्या कोपऱ्यात होता आणि नथूच्या एका फटक्याने बॉल थेट टेबलाखाली गेला.

"बाई, मैदान रिकामं करा. सभा सुरू करायची आहे," सरपंच ओरडले.

"कुठलं मैदान?" बाईंनी विचारलं. "विनावापर पडलेलं?"

सगळा माळ हसला. ग्रामसेवकही हसला, मग त्याने रुमाल तोंडावर धरला.

नऊ डाव झाले तेव्हा दोन्ही संघांची बरोबरी होती. सरपंच उठून उभे राहिले. "झालं ना आता? बरोबरीत सुटली."

"या खेळात बरोबरी नसते," बाई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत खेळायचं."

"म्हणजे किती वेळ?"

"या खेळाला घड्याळ नसतं."

ऊन डोक्यावर तापलं होतं. लोक मांडवात यायला तयार नव्हते, सगळे मैदानाच्या कडेच्या दोरीला चिकटून उभे. प्रणित तरातरा होम प्लेटच्या मागे आला आणि अनंताच्या कानाशी वाकला, पण रागात त्याचा आवाज मला बेसवरूनही ऐकू आला. "पोराची ऑर्डर मामाच्या खिशात हाय. एक बॉल सोड, त्यांची धाव होऊ दे, मॅच संपव. नायतर फाडून टाकतो."

अनंताने मास्क वर केला. घामाने भिमीच्या लुगड्याचा रंग त्याच्या कपाळावर उतरला होता.

"फाड," तो म्हणाला. "पोरगा आता महिनाभर माज्याशी बोलनार नाय. ते मी बघीन. तू बाजूला हो, महादूचा बॉल येतोय. लागला तर दात पडतील."

महादूने बॉल टाकला आणि प्रणित उडी मारून बाजूला झाला. शहापूरचा बॅटर चुकला. दहावा डावही बरोबरीत गेला.

शेवटी ग्रामसेवक घाम पुसत उभा राहिला. सरपंच त्याची बाही ओढत होते, पण ज्या ठरावात मैदान विनावापर म्हटलंय तो या गर्दीसमोर वाचायची त्याची छाती झाली नाही. "मैदान वापरात असल्यामुळे," तो ओरडून म्हणाला, आणि पुढचे शब्द आरडाओरडीत बुडाले, म्हणून त्याला पुन्हा ओरडावं लागलं, "मैदान वापरात असल्यामुळे आजची सभा तहकूब!"

शिट्ट्या झाल्या, कोणीतरी ताशा आणायला पळालं. मला माहीत आहे, ते परत येतील. नवा ठराव आणतील, नवे शब्द आणतील. नथूने मैदानातूनच ओरडून विचारलं, "बाई, मंग आता थांबायचं का?"

बाईंनी होम प्लेट बुटाने साफ केली.

"सभा तहकूब झाली, मॅच नाही," त्या म्हणाल्या. "बॅटर कोण आहे?"